आबांच्या मशीनसारखं मशीन

३ जानेवारी, शुक्रवार

वैष्णवीला कंपनीतून नव्या वर्षाची डायरी मिळाली. तिचं सगळं जग मोबाइलमध्ये, त्यामुळं डायरी माझ्याकडं आली. म्हणाली, "आई, तू लिही. हल्ली कुणाशी बोलतच नाहीस." मी बोलत नाही असं नाही. घरात बोलायला एकच विषय उरलाय आणि तो कुणी काढत नाही, एवढंच.

तर तो विषय इथं काढते. माझे सासरे, शंभूआबा, दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन सोनं वाटायला बाहेर पडले आणि परत आले नाहीत. त्यांना दोन वर्षांपासून विसर पडायचा. पण आमच्या गावात, माणमध्ये, त्यांना कुणीही हाताला धरून घरी आणून सोडायचं, म्हणून आम्ही निर्धास्त असायचो. त्या दिवशी कुणी आणलं नाही. पोलिसांत वर्दी दिली, पेपरात फोटो दिला, देवाला कौल लावला. दोन बायाबापड्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं, एकीनं पूर्वेला आणि एकीनं पश्चिमेला.

ह्यांनी त्या दिवसापासून दाढी केलेली नाही. नवस वगैरे काही नाही. एकदाच म्हणाले, "आबा आले की त्येंच्याच मशीननं करीन." मशीन आबांच्या खिशात होतं, तेही त्यांच्याबरोबरच गेलं. आता दाढी छातीवर आलीय, निम्मी पांढरी. वरच्या खोलीत राहणारा बिहारचा पोरगा भाडं द्यायला आला की ह्यांच्या पाया पडतो. जयसिंग पाटलांचे जयसिंगबाबा झालेत.

लिहून बरं वाटलं असं म्हणवत नाही. हात दुखला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ केला, हळदीकुंकू नको असं ठरवलं होतं. पण शेजारच्या रंभाबाईंनी बोलावलं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई गोजराबाई, माझ्याआधी नवं लुगडं नेसून दारात उभ्या.

तिथं ओळीनं सगळ्यांना कुंकू लावत रंभाबाई आत्याबाईंपाशी आल्या आणि बोट तिथंच थांबलं. नवरा दसऱ्यापासून बेपत्ता असलेल्या बाईला कुंकू लावायचं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही. सगळ्या बायका उगाच वाणाच्या ताटाकडं बघायला लागल्या.

आत्याबाईंनी कपाळ पुढं केलं. "लाव की गं. थांबलीस कशापायी? मालक हरवलाय माजा, गेला न्हाई."

रंभाबाईंनी एवढं मोठं कुंकू लावलं की नाकावर सांडलं. घरी येईपर्यंत आत्याबाईंनी ते पुसलं नाही. मी मात्र रस्ताभर मान खाली घालून चालले. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा ते कळलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

कोळवणला रजनीकडं गेले होते. रजनी माझी धाकटी बहीण. तिच्या घराच्या वर टेकडीला पुण्याच्या लोकांनी बंगले बांधलेत आणि त्यांतल्या एका किमया नावाच्या मुलीनं जुन्या वस्तूंचं दुकान काढलंय. रजनी तिथं साफसफाईला जाते. म्हणाली, "ये बघायला, आपल्या आज्जीच्या घरातलं सगळं तितं हाय, निस्तं किमतीची चिठ्ठी लावून."

खरंच होतं. पाटा-वरवंटा, कंदील, धान्य मोजायची मापं. आम्ही भंगारात घातलेलं सगळं पुसूनपासून मांडलेलं. आणि काचेच्या कपाटात, मखमलीवर, दाढीचं मशीन.

मी काचेला नाकच लावलं. पितळेचं, वरचा मुलामा कडांना उडालेला, डोक्याकडचा भाग फिरवून उघडायचा, मुठीवर बारीक चौकड्यांची नक्षी. हुबेहूब आबांचं. किमयानं काढून हातावर दिलं. "विंटेज पीस आहे काकू. आता असं कुणी बनवत नाही. काकांसाठी घेताय?"

मी मूठ निरखून पाहिली. आबांच्या मशीनच्या मुठीला तांब्याची तार गुंडाळलेली होती. ह्याच्यावर तारेचा ओरखडासुद्धा नव्हता. विचारलं, कुठून आलं? मुंबईच्या एका पारशी घरातून, दोन वर्षं झाली दुकानात पडून आहे.

म्हणजे ते नव्हे. मी परत ठेवलं. मला सुटल्यासारखं झालं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

२० जानेवारी, सोमवार

मशीन डोळ्यांपुढून जात नाही.

आबा रोज सकाळी विहिरीवर दाढी करायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहतेय. थारोळ्याच्या, म्हणजे विहिरीचं पाणी पडायच्या दगडी कुंडाच्या, कडेला आरसा ठेवायचा, गरम पाण्याचा तांब्या मी न्यायचा, आणि आबांनी गाल फुगवून मशीन फिरवायचं. मग जमीन गेली, विहीर बुजली आणि त्या जागी कंपनीची गाड्या लावायची जागा झाली. आबा विसरायला लागले तेव्हा सगळं विसरले, पण विहिरीची जागा विसरले नाहीत. सकाळी साबण, ब्रश, मशीन घेऊन तिथं जायचे आणि उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या बाजूच्या आरशात बघून दाढी करायचे. सिक्युरिटीवाले आधी हाकलायचे. नंतर त्यांनाही सवय झाली. एकजण तर खुर्ची आणून द्यायचा.

हात थरथरायला लागला तेव्हा ह्यांनी मशीनमधलं पातं काढून टाकलं. आबांना पत्ता नाही. रिकामं मशीन फेसावरून फिरवायचे, तोंड धुवायचे आणि गालावरून हात फिरवून खूश व्हायचे. मग कधीतरी दुपारी झोपेत असताना हे खऱ्या पात्यानं हळूच दाढी करून द्यायचे. मूठ हातातून निसटते म्हणून विहिरीवरच्या पंपाच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार काढून ह्यांनीच ती गुंडाळली होती.

असा मुलगा आहे हा. म्हणून तर भीती वाटते.

२८ जानेवारी, मंगळवार

पोलिसांचा फोन आला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात एका बेवारस म्हाताऱ्याचं प्रेत आहे, ओळख पटवायला या. हे एकटेच गेले. मी दिवसभर चूल पेटवली नाही, गॅससुद्धा नाही.

संध्याकाळी आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "न्हाईत त्ये." आणि मग पोटभर जेवले. तीन भाकरी, पिठलं, वर कांदा. अशी ही कितवी वेळ, मोजायचं मी सोडून दिलंय. मेलेली माणसं बघून आले की ह्यांना जेवण जातं, एरवी दोन घास खाऊन उठतात. मी वाढत होते आणि मला रडू येत होतं. म्हणाले, "तिखाट झालंय व्हय?"

२ फेब्रुवारी, रविवार

धनाजीभाऊजी गुरुजींना घेऊन आले. भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ, माणूस चांगला, पण तोंडाला फाटक नाही. हे घरी नव्हते. कासारसाईच्या धरणावर कुणी म्हातारा दिसला म्हणून गेले होते.

"वैनी, असं किती दीस? जित्याची वाट बगायची का मेल्याची, येक कायतरी ठरवाया नगं? जयसिंग निम्मा झाला."

गुरुजी म्हणाले, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. पण तो गेल्याची काही खूण मिळाली, अंगावरची एखादी वस्तू, तर पिठाचा पुतळा करून अग्नी देता येतो. मग दहावा, तेरावा, सगळं रीतसर. घर मोकळं होतं.

"खूण कुठनं आणायची?" भाऊजी म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

मी साखरेचा डबा पुढं केला. पण मनात एक गोष्ट आली आणि ती आल्याबरोबर मी उठून आत गेले.

३ फेब्रुवारी, सोमवार

नको. असला विचारसुद्धा नको.

९ फेब्रुवारी, रविवार

परत कोळवणला जाऊन आले. रजनीला सांगितलं, तिखट न्यायला आले. ती म्हणाली, "तिखाट तर तुझ्याकडनंच आमाला येतं." बहिणीशी खोटं बोलायलासुद्धा अक्कल लागते.

मशीन होतं तिथंच. किमयानं काढून दिलं आणि आपण फोनवर बोलायला बाहेर गेली. मी कितीतरी वेळ ते हातात धरून उभी होते. असं दिसलं मला: तार गुंडाळली, चिखल लावला, कासारसाईच्या काठाला सापडलं म्हणून सांगितलं. हे रडतील. रडू दे. मग गुरुजी येतील, दहा दिवस जातील, न्हावी येईल, दाढी उतरेल. ह्यांना रात्री झोप लागेल. फोन वाजला की दचकून उठणार नाहीत. माझा नवरा मला परत मिळेल.

आणि आत्याबाईंचं कुंकू जाईल. ते मी पुसलेलं असेल, माझ्या हातानं.

आबा जिवंत असले तर? कुठल्या तरी गावच्या देवळात बसून कुणी दिलेली भाकरी खात असले तर? त्यांची सून इकडं त्यांना जाळायची तयारी करतेय.

ठेवून दिलं. किमया म्हणाली, "काकू, एवढं आवडलंय तर घेऊन टाका. नाहीतर पुढच्या महिन्यात मी ते प्रदर्शनात नेणार आहे." मी म्हटलं, ने बाई. खुशाल ने.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हे पडले. ताम्हिणी घाटात, गाडीवरून. माणगावच्या एका चहावाल्यानं फोन केला होता, फोटोतले बाबा स्टँडवर दिसले म्हणून. निघताना मी म्हटलं, बीपीच्या गोळ्या घेतल्या का? नव्हत्या घेतल्या. वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली. खडीवर गेले म्हणून वाचले, दरीच्या बाजूला गेले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते.

कोपर फुटलंय, बरगडीला मुका मार. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मला काय म्हणाले? "माणगावला फोन लाव. म्हनावं, म्हाताऱ्याला बसवून ठिवा, मी उद्या येतो."

वैष्णवीनं लावला. तो म्हातारा तिथल्याच एका दुकानदाराचा बाप निघाला.

आत्याबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. ह्यांच्या पायाचे अंगठे धरून होत्या, लहान पोराचे धरतात तसे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

घेतलं.

एका म्हाताऱ्यापायी दुसरा माणूस घालवायचा नाही. हे मी फार थंडपणानं लिहितेय असं वाटेल, पण वरची ओळ दोनदा खोडून लिहिलीय. जीपमध्ये येताना पिशवी मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, देवाचं काही आहे का? मी हो म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

माळ्यावर ती जळकी मोटार अजून आहे. तिच्यातलीच तार काढली. ह्यांनी गुंडाळली होती तशीच गुंडाळली, खालून वर, शेवटचं टोक आत दाबून. तीनदा सोडून परत केली. किमयानं चकाकी आणलेली, ती राखेनं आणि चिंचेच्या पाण्यानं घालवली. मग परसात कुंडीतल्या ओल्या मातीत पुरून ठेवलं.

गोष्टही तयार केली. कोळवणच्या वर एक मेंढरांचा कळप बसला होता. त्यांतल्या सुंदरा नावाच्या बाईकडं हे मशीन दिसलं. तिला कासारसाईच्या धरणाकाठी गाळात सापडलं, शेजारी एक चप्पल होती, ती पाण्यात गेली. आता कळप घाट उतरून कोकणात गेलाय, त्यामुळं विचारायला कुणी नाही. मेंढरं दिवाळीनंतरच कोकणात उतरतात आणि फेब्रुवारीत इकडं कळप कुठला, हे मला ठाऊक आहे. म्हणून मागं राहिलेला एक कळप मनानंच उभा केला. हे मेंढक्यांना ओळखतात, म्हसू धनगराला तर घरच्यासारखं. शंभर प्रश्न विचारतील. बाई कशी होती, कळप कुणाचा, गाळ कुठल्या बाजूचा. सगळ्यांची उत्तरं पाठ केलीत. बारावीला एवढा अभ्यास केला असता तर मास्तरीण झाले असते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपवासाच्या दिवशी नको.

कारण काय, कुठलंही चालतं. काल ह्यांच्या कोपराची पट्टी बदलायची होती म्हणून नाही सांगितलं. परवा वैष्णवी घरी होती म्हणून.

२ मार्च, रविवार

सांगितलं.

हे ओसरीवर बसले होते, पाण्याची टाकी भरायची वाट बघत. मी समोर बसले, पदरातून मशीन काढलं आणि ह्यांच्या हातावर ठेवलं. गोष्ट सांगायला लागले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

त्यांनी मशीन उलटंसुलटं करून पाहिलं. तारेवरून अंगठा फिरवला, खालून वर, टोकापर्यंत. मग माझ्याकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता संपलं, आता उठून थोबाडीत देतील. लग्नापासून कधी हात उचलला नाही, पण आज उचलला असता तरी मी तक्रार केली नसती.

"कासारसाईला," ते म्हणाले.

"व्हय. गाळात."

"बरं."

एवढंच. बाई कशी होती, विचारलं नाही. कळप कुणाचा, विचारलं नाही. पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "लई दमलीस तू," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागले. टाकी भरून वाहायला लागली तरी कुणी उठलं नाही.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्यांनी मशीन मागून घेतलं, उजेडात धरलं. "तार चांगली घट हाय," म्हणाल्या. मग न्हाणीत गेल्या. पाणी पडल्याचा आवाज आला आणि बाहेर आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. लाल डाग तेवढा राहिला होता, घासल्यासारखा.

मला वाटलं होतं, हे झालं की सुटल्यासारखं वाटेल.

८ मार्च, शनिवार

पुतळ्याला अग्नी दिला. कणकेचा एवढासा माणूस. गुरुजींनी सांगितलं तसं ह्यांनी सगळं केलं, एकदासुद्धा अडखळले नाहीत. धनाजीभाऊजी मात्र हंबरडा फोडून रडले. वैष्णवीनं घट्ट धरून ठेवलं होतं मला. तिला वाटलं मी आबांसाठी रडतेय.

१७ मार्च, सोमवार

दहावा. नदीवर न्हाव्यानं ह्यांची दाढी उतरवली, डोकं केलं, मिशीही काढली. बाप जिवंत असेपर्यंत मिशी काढायची नाही हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून लग्नापासून ह्यांचा वरचा ओठ मी पाहिलाच नव्हता. पातळ आहे. डाव्या बाजूला लहानपणचा एक व्रण आहे, तो मला माहीतच नव्हता. परका माणूस बसलाय असं वाटलं.

पिंडाला कावळा लगेच शिवला. "इच्छा न्हाई राहिली म्हाताऱ्याची," भाऊजी म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. मी कावळ्याकडं बघत राहिले. भात खात होता, त्याला काय कळतंय.

मशीन ह्यांनी पाण्यात सोडलं. गुडघाभर पाण्यात उभे राहून, अगदी हळू, तळ लागेपर्यंत हात खाली नेऊन.

झालं. घर मोकळं झालं. हे रात्री घोरत होते. मी जागी राहून ऐकलं.

२३ मार्च, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

आत्याबाईंच्या डोक्याला तेल लावत होते. केस विरळ झालेत, भांग पाडताना मध्यभागी, केसांच्या आत, बोटाला लाल लागलं. मला आधी वाटलं खपली निघाली. नीट पाहिलं तर कुंकू. टाळूवर, केसांखाली लपवून, रोज लावत असणार.

माझे हात थांबले. त्यांना कळलं. मागं वळल्या नाहीत.

"आत्याबाई, हे काय?"

"दिसलं व्हय. बरं, राहू दे."

मी म्हटलं, दहावा झाला, सगळं झालं. त्यांनी पदरानं कपाळावरचं तेल टिपलं. मग म्हणाल्या, "उज्वला, त्येंच्या मशीनला तार न्हवती."

मी म्हटलं, होती, मी स्वतः पाहिलीय.

"हुती. दसऱ्याच्या सकाळी हत्यारं पुजाया काडली तवा तारंचं टोक सुटून त्येंच्या बोटात गेलं. जयसिंगनं समदी तार काडून टाकली आन् सायकलच्या टूबचा तुकडा चडवला. तू पुरनपोळीत गुतली हुतीस. मी दिवा धरून हुते."

तेलाची वाटी तशीच हातात.

"मंग तवाच का नाही बोलला?"

"कोन? त्यो? त्यानं निस्ता अंगठा फिरवला आन् त्याला कळलं. मलाबी कळलं. पन तुजं तोंड बगितलं आमी. त्यो घाटात पडल्यापास्नं तू जेवत न्हवतीस, झोपत न्हवतीस. त्यो म्हनला, आई, हिला येड लागंल. म्हनून गप ऱ्हायलो."

"आन् तुमचं कुकू?"

"हाय की," आत्याबाई म्हणाल्या. "लाव ऱ्हायलेलं त्याल. गार वाजतंय मला."

मी लावलं. कुंकू पुसू नये म्हणून त्या जागेला बोट लावलं नाही. मी त्यांना वाचवायला निघाले होते आणि सगळा वेळ तेच दोघं मला सांभाळत होते. नवऱ्यानं बापाला जिवंतपणी अग्नी दिला, माझ्यासाठी. ह्याची लाज वाटते. आणि लाजेपेक्षा जास्त काहीतरी वाटतं, ते लिहिता येत नाही.

२९ मार्च, शनिवार

ह्यांना मी अजून काही बोललेले नाही. कसं बोलायचं? बोलले तर पुतळा, दहावा, काढलेली मिशी, सगळ्याचा हिशोब दोघांना समोरासमोर बसून करावा लागेल.

आज सकाळी हे लवकर आवरून निघाले. "कुटं?" विचारलं तर म्हणाले, "हितंच. पौडला काम हाय जरा." गेल्या शनिवारीही पौडलाच काम होतं. त्या दिवसाचा शर्ट काल धुवायला घेतला तेव्हा बाहीवर खळ वाळलेली होती, कागद चिकटवायची, आणि खिशात आबांचा तो छापलेला फोटो, चार घड्या घातलेला.

पूर्वी सांगून जायचे. आज पाली, आज माणगाव. संध्याकाळी आले की कोण भेटलं, काय म्हणालं, सगळं सांगायचे आणि मी कंटाळून ऐकायचे. आता बापाला शोधायला चोरून जावं लागतं, आणि परत आल्यावर सांगायलासुद्धा घरात कुणी नाही. तेराव्याचं जेवण जेवून गेलेल्या गावाला तर विचारताच येत नाही की आमचे आबा दिसले का. एवढं मी केलं त्या मशीननं.

दारात हेल्मेटचा पट्टा लावत उभे होते. तो उघडा ओठ. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं सगळं. म्हटलं, "थांबा, भाकरी बांधून देते."

"पौडात खाईन की कायतरी."

"थांबा म्हटलं ना."

ह्यांच्या दोन बांधल्या. मग परत तवा ठेवला आणि आणखी दोन केल्या. दुधात पीठ मळून, पातळ, दात नसलेल्या माणसाला खाता येतील अशा. वेळ लागला, पण हे थांबले. गोळ्यांची पाकिटं वर ठेवली. त्यांनी फडकं सोडून आत पाहिलं, वेगळ्या केलेल्या त्या दोन भाकरी पाहिल्या, आणि एवढ्या कशाला असं विचारलं नाही. फडकं पुन्हा बांधलं आणि भाकरी मोडू नयेत म्हणून डिकीत सपाट ठेवल्या.